पहूरचा थर्मास

नाना सकाळी दुकानात शिरायचे ते चपला काढता काढताच विचारायचे, "बठ्ठा उनात का?" कुणाला राम राम नाही, देवाच्या फोटोला हात नाही, आधी हे. उनात म्हणजे आलेत. नाना मूळचे धुळ्याकडचे. जळगावात राहून डोक्यावरचे केस गेले, पण जिभेवरची अहिराणी गेली नाही. कंपनीच्या साहेबांशी ते अगदी छापील मराठी बोलत, काळजी वाटली की मात्र घरची बोली बाहेर यायची. आणि बठ्ठा म्हणजे सगळे. सगळे कोण, तर थर्मास.

नव्या माणसाला वाटायचं, हा चहाचा धंदा असणार. दुकानात शिरलं की डाव्या हाताला लाकडी मांडणी आणि तिच्यावर ओळीनं थर्मास. लाल, निळे, फुलाफुलांचे, एकाचं झाकण दुसऱ्याला लावलेले. प्रत्येकाच्या पोटावर पांढऱ्या रंगात गावाचं नाव: पाचोरा, बोदवड, पहूर, आणखी कितीतरी. धंदा औषधांचा होता, घाऊक. कंपन्यांकडून माल घ्यायचा आणि जिल्हाभरच्या दुकानांना पुरवायचा. गोळ्या आणि सिरपं खोक्यांतून जात. थंड ठेवावी लागणारी औषधं, म्हणजे इन्सुलिन, कुत्रं चावल्यावरची लस, असलं सगळं थर्मासातून एसटीनं जायचं. ड्रायव्हरच्या पायाशी थर्मास ठेवायचा, गावच्या स्टँडवर दुकानदार येऊन घेऊन जायचा आणि रिकामा थर्मास परतीच्या गाडीला द्यायचा.

तो रिकामा थर्मास हाच नानांचा पुरावा. दुकानदाराची सही, फोन, निरोप, कशावर त्यांचा विश्वास नव्हता. "सही काय, माणूस झोपेतही करतो," म्हणायचे. थर्मास परत आला म्हणजे औषध पोचलं. आला नाही म्हणजे पोचलं नाही, मग तिकडून कुणी काहीही सांगो.

मी बी.कॉम. होऊन त्यांच्याकडे लागलो तेव्हा मला वाटलं होतं, खुर्ची मिळेल, पंख्याखाली बसून बिलं करू. पहिल्याच दिवशी भर मे महिन्यात, दुपारी, नानांनी मला सायकलवर बर्फाच्या कारखान्यात पाठवलं. पोत्यात गुंडाळलेली लादी घेऊन आलो तेव्हा माझी पँट मांडीपर्यंत भिजली होती. नानांनी पोतं उलगडून बघितलं आणि विचारलं, "निघाला तेव्हा केवढा होता?" मी हातानं दाखवलं. "मग बाकीचा कुठाय?" मी तापलेलो होतो, म्हणालो, "वरती बघा, सूर्यानं खाल्ला." मला वाटलं, गेली नोकरी. नाना म्हणाले, "बरोबर. आता उद्यापासून सूर्याचा वाटा धरून बर्फ मागायचा." माझं या धंद्यातलं शिक्षण असं सुरू झालं. पुढं मोठमोठे शब्द वापरणारी माणसं भेटली, पुरवठ्याची साखळी वगैरे म्हणणारी, पण ती सांगत ते सगळं या ना त्या रूपात नानांनी मला आधीच डोकं खाऊन शिकवलेलं होतं.

दुकानात ते कमी असत आणि स्टँडवर जास्त. ड्रायव्हर-कंडक्टरांना चहा पाजायचे आणि नाही नाही ते विचारायचे. कपाशीवर फवारणी सुरू झाली का? बोदवडच्या बाजाराला गर्दी होती का? लग्नं कुठल्या गावात जास्त आहेत? मला सुरुवातीला ही रिकामटेकड्यांची कामं वाटत. पण फवारणी सुरू झाली की माणसं विषबाधा होऊन दवाखान्यात येतात, त्यावरचं इंजेक्शन आठवडाभर आधी तिथं जाऊन बसलेलं पाहिजे, हा त्यांचा हिशोब. लग्नं जास्त म्हणजे जुलाबावरच्या गोळ्या जास्त. दुकानदारानं मागणी पाठवायच्या आधी यांचा माल निघालेला असायचा. दुकानदार कटकट करायचे, "नाना, मी मागितलं नव्हतं." नाना म्हणायचे, "मागशील तव्हा गाडी निघून गेलेली राहीन."

वेळ मोजायची ती कायम शेवटाकडून मागं. हिवाळ्यात ते आम्हा सगळ्यांना एका ओळखीच्याच्या शेतावर भरीत पार्टीला नेत, तिथंही सुटका नसे. एका वर्षी तयारी माझ्याकडे दिली. मी सकाळी वांगी आणली, कपाशीच्या काड्या रचल्या, तेल, मिरची, कांद्याची पात, सगळं हजर. नाना आले आणि म्हणाले, "पहिला घास किती वाजता?" मी म्हटलं, एक वाजता. "भाकरी गरम पाहिजे ना? मग कळण्याचं पीठ कुठाय?" ज्वारी-उडदाचं ते पीठ गिरणीत तसंच पडून होतं आणि गिरणीवाला जेवायला गेलेला. भरीत तयार, वांग्यांचा वास सुटलेला आणि आम्ही सगळे भाकरीची वाट बघत बांधावर. "तू वांग्यापासून निघाला," नाना म्हणाले, "घासापासून निघायचं." भुकेल्या माणसाला असलं ऐकवणं हा छळ आहे, पण मी ते विसरलो नाही हेही खरं.

त्यांच्या घरी मात्र चहा थर्मासात कधीच नसायचा. घरात एकही थर्मास टिकत नसे. नानांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. अक्कांच्या भावानं त्यांना दिवाळीला एक छान निळा थर्मास दिला, आत हात जाईल असा, रुंद तोंडाचा. नानांनी तो बघितला आणि फक्त एवढंच म्हणाले, "तोंड रुंद आहे." अक्कांना तेव्हाच कळलं की गेला. आठवड्याभरात त्याच्या पोटावर पांढऱ्या रंगात "पहूर" लिहिलं गेलं. घरी पाहुणे आले की अक्का पातेल्यातून चहा गाळत आणि सांगत, "माझ्या माहेरचा थर्मास पहूरला नांदायला गेलाय."

पहूरला तो जायचा ते एका मुलीसाठी. पहूरच्या पलीकडे, आत, एका खेड्यातलं शेतकरी कुटुंब. सात-आठ वर्षांची एकुलती एक पोर, तिला साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, रोज इंजेक्शन, जन्मभर, एक दिवस चुकवायचं नाही. आई-बाप चिठ्ठी घेऊन आमच्याकडे आले. बाप नुसता उभा. आई विचारत होती, "नाना, आमच्या घरी फ्रीज नाही, लाइट दिवसातून चार वेळा जाते. हे औषध आमी कुठं ठेवू?"

नानांनी सगळं बसून सांगितलं. थर्मास पहूरच्या औषधाच्या दुकानात येईल, तो तसाच बंद घरी न्यायचा. घरी ओल्या वाळूत मडकं पुरायचं, त्यात बाटली ठेवायची. मग थर्मास दुकानात परत द्यायचा. थर्मास भरायचं काम नाना कधी कुणाला देत नसत. आधी बर्फ, त्यावर कापसाची जाड गादी, मग बाटली, वरून पुन्हा कापूस. "बर्फ बाटलीले लागना तर औषध मरी जाई," हे ते कापूस दाबताना पुटपुटत. गार पाहिजे, पण गोठायला नको. हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतो.

आता आपल्याकडची रीत अशी की कुणाच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. शेजारणीनं वाटीभर भाजी दिली तर ती वाटी साखर नाहीतर शेंगदाणे घालून परत जाते. पहूरकडची ती बाई थर्मासही तसाच परत करायची. आत कधी मूठभर तूर, कधी उडीद, कधी वाळलेल्या मिरच्या, एकदा तर फडक्यात बांधलेल्या बिबड्या, ज्वारीचे पापड. हळूहळू दुसऱ्या गावांहूनही असंच यायला लागलं. लोक औषध घेत आणि थर्मासात काहीतरी घालून देत.

नानांना याचा राग यायचा. "औषधाचं भांडं आहे, कोठार नाही," म्हणायचे. थर्मास धुवायला लागायचे, मिरचीचा वास काही केल्या जात नसे. त्यातून तो घरी जाणार, तिथून सवडीनं परत येणार, म्हणजे तीन-तीन दिवस थर्मास अडकून पडायचा. गावं वाढत होती आणि थर्मास तेवढेच. नानांची चिडचिड वाढत गेली. "पहूर उना का?" "नाही नाना." "मंग कव्हा येई? पुढल्या पोळ्याले?"

आणि त्यातच कंपनीचे एक साहेब तपासणीला आले. माणूस सज्जन होता, त्याला काही बोलायचं नव्हतं. त्यानं सहज एक थर्मास उघडून आत नाक घातलं आणि शिंकत सुटला. पाणी प्यायला दिलं तरी शिंका थांबेनात. डोळे पुसत एवढंच म्हणाला, "नाना, लसीच्या शेजारी मिरची?" नानांचा चेहरा पडला. साहेब जाताना दुकानदारांना वाटायला छापील कागदांचा गठ्ठा देऊन गेला, थंड औषधं दुकानात कशी ठेवावीत याचा. नानांनी तो मांडणीच्या खालच्या खणात टाकला. थर्मासात कागद भिजतो, असं त्यांचं म्हणणं.

त्याच आठवड्यात नानांचा नियम निघाला. आता गावोगावच्या दुकानांत फ्रीज आलेत, पहूरलाही आलाय. दुकानदारानं बाटली काढून आपल्या फ्रीजमध्ये ठेवायची आणि थर्मास त्याच गाडीच्या परतीच्या फेरीला द्यायचा. कोरडा, स्वच्छ, रिकामा. आत दाणासुद्धा दिसता कामा नये. ज्याचं औषध त्यानं दुकानातून न्यावं.

खरं सांगायचं तर नियमात वावगं काही नव्हतं. मलाही तो पटला होता, कुणालाही पटला असता. थर्मास सकाळी जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. मांडणी भरलेली दिसायला लागली. नाना एकेकात नाक घालून बघायचे, वास नाही. मी त्यांना इतकं खूश क्वचितच पाहिलं होतं. "पहूर उना? आजच?" विचारायचे आणि अक्कांच्या त्या निळ्या थर्मासावर टिचकी मारायचे.

तो उन्हाळा फार कडक होता. एका दुपारी त्या मुलीचा बाप दुकानात आला. खिशातून रुमालात गुंडाळलेली बाटली काढली आणि काउंटरवर ठेवली. म्हणाला, "नाना, हे औषध लागू पडत नाही. पोरीले रोज देऊन राह्यलो, तरी ती उठत नाही. इथं सरकारी दवाखान्यात आणलंय."

नानांनी बाटली उजेडाकडे धरली. आत दूध फाटल्यासारखे कण तरंगत होते. त्यांनी ती हलवली, पुन्हा धरली.

"दुकानात कुठं ठेवली होती?" नानांनी विचारलं.

"फ्रीजात. वरच्या बर्फाच्या कप्प्यात. दुकानदार म्हने, ऊन लय आहे, नानाचं औषध गरम व्हाले नको."

त्या दुकानदाराला दोष काय द्यायचा? त्याच्या मनात काळजीच होती. जेवढं जास्त गार तेवढं चांगलं, असं त्याला वाटलं आणि तसं कुणालाही वाटेल. त्याला वेगळं सांगितलंच नव्हतं कुणी. ज्याला माहीत होतं तो रोज जळगावात कापसाची गादी घालत होता, आणि छापील कागद खालच्या खणात पडले होते.

नानांनी दुसरी बाटली काढली, बर्फ, कापूस, बाटली, पुन्हा कापूस, सगळं नेहमीसारखं केलं. मी मदतीला पुढं झालो तर मला ढकललं. दवाखान्यात औषध होतंच, तिथं त्यांच्या बाटलीची गरज नव्हती. तरी थर्मास छातीशी धरून, टोपी न घालताच, ते भर उन्हात चालत निघाले आणि मी मागे.

पोर आत होती. नळ्या लावलेल्या, श्वास जोरजोरात चाललेला. आई बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. नानांना बघून उठायला लागली, पदर सावरला.

"काय म्हणतात डॉक्टर?" नानांनी विचारलं.

"उद्या सकाळपर्यंत काही सांगत नाही म्हने." मग त्यांच्या हातातल्या थर्मासाकडे बघून म्हणाली, "हा घरी येत व्हता तव्हा असं कधी झालं नाही, नाना. मी ह्या वेळी बी तूर बांधून ठेवली व्हती. दुकानदार म्हने, नानाले चालत नाही."

तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तिनं नुसतं सांगितलं. नाना खाली फरशीवर बसले, तिच्याशेजारीच, मांडीवर थर्मास. मला म्हणाले, की स्वतःलाच म्हणाले, "माले मालूम व्हतं. बर्फ लागाले नको, माले मालूम व्हतं. थर्मास उना, मी खूश. पोरले काय पोचनं, कोनी इचारं?"

मी त्यांना पुष्कळ सांगू शकलो असतो, तुमची एकट्याची चूक नाही वगैरे. पण ते खोटं वाटलं असतं आणि नानांना खोटं लगेच कळायचं. मी चहा आणून दिला. त्यांनी तो त्या बाईला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आलेच नाहीत. थर्मास आले का, हे विचारायला कुणी नव्हतं आणि दुकान कसंतरीच वाटत होतं. अकराच्या सुमाराला आले, चपला घातलेल्याच होत्या. म्हणाले, "पोरीनं डोळे उघडले. पाणी मागितलं." आणि मांडणीला धरून रडले. मला त्यांच्याकडे बघवेना, मी उगाच खोकी मोजत बसलो.

चार-पाच दिवसांनी मुलीला घरी सोडलं तेव्हा नाना त्यांच्याबरोबर एसटीनं गेले. मलाही नेलं. निळा थर्मास त्यांच्या मांडीवर. आधी पहूरच्या दुकानात उतरून त्या दुकानदाराला फ्रीजचा कुठला कप्पा आणि कुठला नाही हे सांगितलं, छापील कागद त्याच्या भिंतीला स्वतः चिकटवला. रागावले नाहीत. मग आम्ही पलीकडच्या खेड्यात गेलो. बाईनं बाटली मडक्यात ठेवली, थर्मास धुतला, पुसला. नाना उठले आणि त्यांनी हात पुढे केला. बाई थर्मास घेऊन तशीच उभी, द्यावा की नाही.

"रिकामा देशी का माय?" नाना म्हणाले.

ती आत गेली आणि तुरीनं थर्मास अर्धा भरून घेऊन आली. परतीच्या गाडीत नानांनी तो मांडीवरून खाली ठेवला नाही.

नियम उलटा झाला. थर्मास आजाऱ्याच्या घरापर्यंत जाणार म्हणजे जाणार, आणि परत येताना त्यात त्या घरचं काहीतरी असलंच पाहिजे. रिकामा आला तर तो आलाच नाही असं धरायचं. दुकानदार हुशार, काहींनी पळवाट काढली. एकदा बोदवडच्या थर्मासात लिमलेटच्या गोळ्या आल्या. नानांनी एक गोळी उचलून बघितली. "ही दुकानातली शे," म्हणाले, "घरचं काय शे?" आणि मला बोदवडला पिटाळलं. बाटली दुकानातच होती, घरचे लोक लग्नाला गेले म्हणून न्यायची राहिलेली. तोवर मी या नियमाला मनातल्या मनात हसत होतो, त्या दिवसापासून हसणं बंद केलं.

थर्मास अर्थातच कमी पडले. नानांनी नातेवाइकांच्या घरचे उचलले. त्यांना कुणी लग्नाला बोलावलं की आधी आहेर बघायला जातात आणि रुंद तोंडाचा थर्मास दिसला की नवरा-नवरीला मागतात, अशी त्यांची कीर्ती झाली. माझ्या लग्नात आलेला मी माळ्यावर लपवला होता. तोही गेला.

वर्षं गेली. ती मुलगी वाढत गेली, आम्ही तिला क्वचित पाहत होतो, पण ती आहे हे दर पंधरवड्याला कळायचं. तूर, उडीद, चिंचा, एकदा शाळेतल्या बक्षिसाचा पेढा. नाना आता वास घेऊन तोंड वाकडं करत नसत. मिरच्या आल्या की म्हणायचे, "औंदा मिरची चांगली व्हयनी."

मग एका जूनमध्ये, दुपारी, ती स्वतःच दुकानात आली. उंच, दोन वेण्या, हातात निळा थर्मास. रंग पार उडालेला, "पहूर"मधला प दिसेनासा झालेला. बरोबर आई होती. मुलीचा धुळ्याला डी.एड.ला नंबर लागला होता, हॉस्टेलात फ्रीज होता, औषध तिथंच मिळणार होतं. थर्मास आता लागणार नव्हता. ती एवढंच सांगायला आणि द्यायला आली होती.

नानांनी थर्मास घेतला. सवयीनं झाकण फिरवलं, आत बघितलं आणि उलटा करून हातावर झटकला. काही पडलं नाही. त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"आत काही नाही, नाना," ती म्हणाली. "या वेळी मीच आले ना."

नानांनी झाकण लावलं आणि थर्मास मांडणीवर न ठेवता काखेत घेऊन तसेच घरी निघाले. त्या दोघींनाही नेलं. त्या दिवशी अक्कांनी पहिल्यांदा आपल्या माहेरच्या थर्मासात चहा भरला, वर्षानुवर्षांच्या मिरचीच्या वासासकट, आणि सगळ्यांनी तो प्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना चपला काढता काढता म्हणाले, "बठ्ठा उनात का?"

मी मांडणीवरून नजर फिरवली. म्हणालो, "पहूर सोडून सगळे."

"पहूर उना," नाना म्हणाले आणि कामाला लागले.